हाडे ठिसूळ झालेल्या आईला वर्षातून एकदा द्यायचे सलाइन द्यावे की नाही?

बालाघाटची लेक, केज (जि. बीड)

नमस्कार. माझ्या आईचे वय ५८ वर्षे आहे. तिने वडिलांबरोबर जवळजवळ वीस हंगाम कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, काढले आणि पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या फडांत उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रॅक्टर भरले. वयाच्या ३२ व्या वर्षी अंगावरून पांढरे जाते म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली, तेव्हा पिशवी काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल असे सांगून तिचे ऑपरेशन करण्यात आले. त्या वेळी पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली होती, हे आम्हाला यंदा सोनोग्राफी झाल्यावर पहिल्यांदा समजले.

गेल्या पौषात हौदावरून पाण्याची घागर उचलताना तिच्या कमरेत एकदम कळ आली. चमक भरली असेल असे समजून आम्ही दोन आठवडे शेकत आणि चोळत बसलो. दुखणे थांबेना तेव्हा एक्स-रे काढला, तर कमरेचा पहिला मणका दबलेला निघाला. नंतर संभाजीनगरला हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली. मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी आहे ते सांगणारा आकडा) उणे ३.४ आणि खुब्याचा उणे २.८ आला, आणि रक्तातील ड जीवनसत्त्व ११, म्हणजे फारच कमी, निघाले.

डॉक्टरांनी हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी दिली होती, परंतु छातीत आग पडू लागल्यामुळे आईने चार आठवड्यांत ती सोडून दिली. आता ते वर्षातून एकदा शिरेतून सलाइनने द्यायचे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सुचवत आहेत. मात्र या औषधाने जबड्याचे हाड कुजते आणि मांडीचे हाड आपोआप मोडते असे एका नातेवाइकाने मोबाइलवर वाचून दाखवल्यापासून आई ऐकायलाच तयार नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात भीती बसली आहे. ती पूर्वीपासून मिश्री लावते आणि तिची खालची एक दाढ हलते. शिवाय सांधे दुखतात म्हणून गावातून आणलेल्या पुड्यांतील सुट्या गोळ्या तिने दोन-तीन वर्षे खाल्ल्या आहेत. हे औषध द्यावे का, आणि द्यायचे तर त्याआधी आम्ही काय तपासून घ्यावे, हे कृपया कोणी नीट समजावून सांगावे.

निवृत्त औषधनिर्माता, लातूर

ताई, मोठ्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर देतीलच. मला केवळ गोळीविषयी सांगायचे आहे, कारण औषधाच्या दुकानात तीस वर्षे उभे राहून मी हे वारंवार पाहिले आहे. आपल्या आईंनी ती गोळी नेमकी कशी घेतली होती, हे त्यांना एकदा विचारून पाहा. आपल्याकडे पहाटे उठल्याबरोबर चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळायची आणि अंग दुखत असेल तर पुन्हा आडवे व्हायचे, अशी पुष्कळ बायकांची रीत असते. या एका गोळीच्या बाबतीत ती रीत घातक ठरते, कारण गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तेथील अस्तराला जखम करते.

ती सकाळी पूर्ण उपाशीपोटी, मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर, न चघळता घ्यावयाची असते आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नसते, की चहा, दूध वा अन्य कोणतेही औषध घ्यायचे नसते. असे सगळे पाळले तरीही या गोळीचा एक टक्क्याहून कमी अंश रक्तात उतरतो; चहा-दुधाबरोबर घेतली तर तेवढाही उतरत नाही, म्हणजे छातीत आग पडते ती पडते आणि हाडाला काहीच मिळत नाही. कॅल्शिअमची गोळीही याच वेळी घेऊन चालत नाही. आपल्या आईंना थायरॉइडची गोळी चालू असेल, तर तिच्यात आणि कॅल्शिअममध्येही चार तासांचे अंतर हवे.

मात्र ज्यांना गिळताना अन्न अडकते, अन्ननलिकेचा जुना आजार आहे किंवा मणक्याच्या दुखण्यामुळे अर्धा तास ताठ बसताच येत नाही, त्यांना ही गोळी देऊच नये. दबलेल्या मणक्याने अर्धा तास बसणे त्यांना जमत होते का, हे मला आपल्या लिहिण्यावरून कळत नाही. जमत नसेल, तर डॉक्टरांनी सलाइन सुचवले ते योग्यच आहे.

अस्थिरोगतज्ज्ञ, नांदेड

ताई, आपण दिलेली माहिती वाचून सर्वप्रथम हे सांगतो की आपल्या आईंना औषधाची गरज आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात. परंतु आकड्यापेक्षाही मोठी गोष्ट ही आहे की केवळ घागर उचलल्याने मणका दबला. एक मणका असा दबला की पुढचा दबण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि तो सर्वांत जास्त पहिल्या एक-दोन वर्षांत असतो. म्हणून विचार करण्यात वर्ष घालवणे परवडणारे नाही.

हे का झाले, तेही समजून घ्यावे. हाड म्हणजे एकदा घडवून ठेवलेला दगड नव्हे. शेताच्या बांधाची माती दर पावसाळ्यात वाहून जाते आणि शेतकरी दर उन्हाळ्यात ती पुन्हा भरतो, तसे आपल्या हाडात जन्मभर चालू असते: एका प्रकारच्या पेशी जुने हाड खरवडून काढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या खळग्यात नवे हाड भरतात. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक खरवडणाऱ्या पेशींना आवर घालते. पाळी जाताना ते घटते, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांचा पाचवा हिस्सादेखील निघून जाऊ शकतो. आपल्या आईंच्या बाबतीत अंडाशये ३२ व्या वर्षी काढल्यामुळे ही झीज साधारण पंधरा वर्षे आधी सुरू झाली. एवढ्या तरुण वयात अंडाशये काढावी लागली, तर काही विशेष अडचण नसल्यास नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन बाहेरून द्यावयाचे असते. ते त्यांना कोणी दिले नाही, आणि गरज असते हे सांगितलेही नाही, याचे मला एक डॉक्टर म्हणून फार वाईट वाटते. शासनाने नेमलेल्या समितीच्या २०१९ मधील पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली होती. त्यांतील किती जणींची हाडे आज कोणी तपासत आहे, हा प्रश्न मला रुग्ण पाहताना सतत छळतो.

पुड्यांतील गोळ्यांविषयी. दोन तासांत दुखणे थांबवणाऱ्या सुट्या गोळ्यांत बहुधा स्टेरॉइड असते, आणि ते तीन महिन्यांहून अधिक काळ पोटात गेले तर नवे हाड भरणाऱ्या पेशीच मंदावतात. त्या गोळ्या आजही चालू असतील तर मात्र एकदम बंद करू नयेत, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असू शकते. अचानक बंद केल्यास रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. पुडी फिजिशियनना दाखवून मात्रा हळूहळू उतरवावी.

आता झोलेड्रोनिक अ‍ॅसिडकडे येतो. ते हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसते आणि खरवडणाऱ्या पेशींनी ते गिळले की त्या पेशी निकामी होतात. ते हाडात दीर्घकाळ टिकते, म्हणूनच वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम पुरते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीत तीन वर्षांत मणके दबण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचे ४१ टक्क्यांनी घटले. त्याच चाचणीत पहिल्या सलाइननंतर जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या स्त्रियांना ताप, थंडी, अंगदुखी झाली. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास आणि तिसऱ्या वर्षी तीन टक्क्यांवर आले. हा त्रास बहुतेक दुसऱ्या दिवशी सुरू होऊन तीन दिवसांत ओसरतो आणि पॅरासिटामॉलने आटोक्यात राहतो. हे आधी सांगितले नाही तर घरचे लोक घाबरून जातात आणि पुढच्या वर्षी येतच नाहीत. क्वचित डोळा लाल होऊन दुखू लागतो. तसे झाल्यास नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवावे.

जबड्याविषयी आपल्या नातेवाइकांनी वाचले ते खोटे नाही, परंतु अर्धवट आहे. २००३ पासून जे रुग्ण नोंदले गेले, त्यांतील बहुतेक कॅन्सर हाडांत पसरल्यामुळे हेच औषध दर तीन-चार आठवड्यांनी घेणारे होते. हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा घेणाऱ्यांत हा धोका दरवर्षी दहा हजारांत एक ते लाखात एक इतका मानला जातो. धोका वाढतो तो किडलेले दात, हिरड्यांत पू आणि औषध चालू असताना दाढ काढावी लागणे यांमुळे. म्हणून आपल्या आईंच्या बाबतीत मी क्रम असा ठेवीन की आधी दंतवैद्यांकडून ती हलती दाढ काढून घ्यावी, हिरड्या साफ करून घ्याव्यात, खळगा भरून वर अस्तर येईपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच सलाइन लावावे. मिश्री सोडणे त्यांना जड जाईल हे मी जाणतो, पण तंबाखू हिरड्या आणि हाडे दोन्ही पोखरते.

मांडीच्या हाडाचेही असेच आहे, आणि येथे मी जरा थांबून लिहितो, कारण हा धोका आशियाई स्त्रियांत गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे. कॅलिफोर्नियातील सुमारे १ लाख ९६ हजार स्त्रियांच्या नोंदींवरून २०२० मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्याप्रमाणे तीन वर्षे अलेंड्रोनेट-झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या गटातील औषध घेणाऱ्या दर १०,००० आशियाई वंशाच्या स्त्रियांमागे खुबा मोडण्याचे ९१ प्रसंग टळले आणि मांडीचे हाड या वेगळ्या रीतीने मोडण्याचे ८ प्रसंग औषधामुळे घडले. गोऱ्या स्त्रियांत हेच आकडे १४९ आणि २ होते. आपल्याकडील फायदा-तोट्याचे अंतर काहीसे कमी आहे, तरीही पारडे स्पष्टपणे औषधाच्या बाजूनेच झुकते. हे हाड बहुधा आधी सूचना देते: मांडीत किंवा जांघेत ठणका लागतो आणि तो आठवडे टिकतो. असे झाले तर दोन्ही मांड्यांचे एक्स-रे काढावेत. धोका औषधाच्या वर्षांबरोबर वाढतो आणि थांबवल्यावर झपाट्याने उतरतो, म्हणूनच तीन वार्षिक सलाइननंतर पुन्हा तपासून औषध काही काळ थांबवायचे की पुढे न्यायचे हे ठरवतात. मणका आधीच दबलेला असल्यामुळे आपल्या आईंना कदाचित अधिक वर्षे द्यावे लागेल.

सलाइनपूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासणे अनिवार्य आहे. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३५ मिलिलिटरहून कमी असेल तर हे औषध देत नाहीत. ड जीवनसत्त्व ११ असताना सलाइन लावणे चुकीचे होईल, कारण रक्तातील कॅल्शिअम एकदम उतरून ओठांभोवती मुंग्या, हातापायांत गोळे आणि झटकेदेखील येऊ शकतात. आधी ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा याप्रमाणे साधारण आठ आठवडे घेऊन पातळी वर आणावी. मात्र ती पुढे मनाने चालू ठेवू नये. रोज एक याप्रमाणे महिनोन् महिने ही पाकिटे घेऊन कॅल्शिअम वाढलेले आणि मूत्रपिंड बिघडलेले रुग्णही मी पाहिले आहेत. सलाइनच्या दिवशी भरपूर पाणी प्यावे आणि ते पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळात देऊ नये. मी स्वतः अर्धा तास लावतो.

टी-स्कोअर याहून खाली असता किंवा दोन-तीन मणके दबलेले असते, तर मी आधी टेरिपॅराटाइड सुचवले असते. ते नवे हाड भरणाऱ्या पेशींना चालना देते, पण पोटावर किंवा मांडीवर रोज टोचून घ्यावे लागते, साधारण दोन वर्षे चालते आणि संपल्यावर हाड टिकवण्यासाठी पुन्हा याच सलाइनकडे यावे लागते. आपल्या डॉक्टरांना हा पर्याय एकदा अवश्य विचारावा.

परभणीची सून

माझ्या सासूबाईंचा अनुभव लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सलाइन नको म्हटल्यावर पुष्कळ ठिकाणी दर सहा महिन्यांनी टोचायचे डेनोसुमॅब हे हाडांचे दुसरे औषध सुचवले जाते. सासूबाईंना ते तीन वेळा दिले होते आणि काहीही त्रास नव्हता. चौथ्या वेळी सोयाबीन काढणीची घाई होती, नंतर घरात लग्न होते, आणि तब्येत चांगली आहे तर राहू द्या, असे आम्हीच ठरवले. शेवटच्या इंजेक्शननंतर अकराव्या महिन्यात, काहीही न उचलता, त्यांचे दोन मणके लागोपाठ दबले. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले की हे औषध हाडात साठून राहत नाही. त्याचा असर उतरला की दबून राहिलेल्या खरवडणाऱ्या पेशी उसळून कामाला लागतात आणि मिळवलेले हाड थोड्या महिन्यांत जाते; म्हणून ते थांबवायचेच असेल तर मध्ये खंड न पाडता दुसरे औषध सुरू करावे लागते. पहिल्या दवाखान्यात आम्हाला तारीख लिहून दिली होती, परंतु ती चुकली तर काय होईल हे कोणीही सांगितले नव्हते. ज्यांच्या घरी हे इंजेक्शन चालू आहे, त्यांनी सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लाल अक्षरांत लिहून ठेवावी, ही माझी हात जोडून विनंती आहे.

शिक्षक, किनवट

डॉक्टरसाहेब, थोडा वेगळा प्रश्न विचारतो. आमच्या भागातील बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि अनेकांचे दात पिवळे-तपकिरी पडलेले आहेत. माझ्या मोठ्या बहिणीची पाठ आखडलेली असते, तरीही डेक्सामध्ये मणक्यांची घनता उत्तम आली. मग तिची हाडे मजबूत आहेत असे समजावे का?

अस्थिरोगतज्ज्ञ, नांदेड

सर, तसे समजू नये. फ्लोराइड हाडात शिरले की हाड दाट दिसते, पण त्याची घडण बिघडते, आणि स्नायूबंधही कडक होतात. पूर्वी सोडियम फ्लोराइड हेच ठिसूळपणावरचे औषध म्हणून वापरून पाहिले होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या चाचणीत मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, मणके दबण्याचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले नाही आणि इतर हाडे उलट अधिक मोडली. बहिणीच्या मणक्यांचे आणि हाताच्या पुढच्या भागाचे साधे एक्स-रे काढून घ्यावेत आणि बोअरचे पाणी तपासावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते.

निवृत्त औषधनिर्माता, लातूर

आहाराचे कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम लागते आणि आपल्या ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये ते जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असते, म्हणजे केवळ भाकरी आणि वरणावर ही गरज भागणे शक्यच नाही. पेलाभर म्हशीच्या दुधात किंवा तेवढ्याच दह्यात सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. तिळाची चटणी आणि शेवग्याचा पाला आपल्याकडे सहज होतो, तो रोज असावा. राहिलेली तूट गोळीने भरावी. कॅल्शिअम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी आणि मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. आणि ताई, न्हाणीतील शेवाळ घासून काढा, रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा ठेवा. आईंना हौदावर पुन्हा पाठवू नका.

बालाघाटची लेक, केज (जि. बीड)

सर्वांचे मनापासून आभार. तीन महिन्यांनी लिहीत आहे. आईला विचारले तेव्हा तिने ती गोळी खरोखरच चहाबरोबर घेतली होती आणि घेतल्यावर ती पुन्हा झोपत होती. पुडीतील गोळ्या तिने गतवर्षीच थांबवल्या होत्या. दाढ अंबाजोगाईला काढून घेतली आणि सात आठवड्यांनी दंतवैद्यांनी खळगा पूर्ण भरल्याचे कागदावर लिहून दिले. मिश्री दिवसातून चार वेळांवरून एका वेळेवर आली आहे. टेरिपॅराटाइडविषयी डॉक्टरांना विचारले होते, परंतु रोज टोचून घेण्यास आई तयार झाली नाही. ड जीवनसत्त्व ३४ झाले, क्रिएटिनिन ०.८ आले आणि मागच्या गुरुवारी सलाइन झाले. दुसऱ्या रात्री तिला १०१ ताप भरला आणि सगळे अंग मोडून आले. आधी माहीत होते म्हणून आम्ही पॅरासिटामॉल दिले, पाणी पाजले आणि कोठेही धावपळ केली नाही. रविवारी ती उठून अंगणात बसली.

अजून एक गोष्ट. माझ्या धाकट्या काकूंचे ऑपरेशन २९ व्या वर्षी झाले आहे आणि त्या आज ४१ वर्षांच्या आहेत. यंदा दसऱ्यानंतर त्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पुन्हा फडावर जाणार होत्या. ऑपरेशनचे जुने कागद शोधले, त्यांत दोन्ही अंडाशये काढल्याची नोंद सापडली. पुढच्या सोमवारी मी त्यांना डेक्सासाठी संभाजीनगरला घेऊन जात आहे. आमच्या वस्तीवर अशा आणखी सहा जणी आहेत, त्यांना आपापले कागद काढून ठेवायला सांगितले आहे.